आधी प्लेट्स मोजा, मग किंमत विचारा

मागच्या अंकात या सदरात फुलपाखरांच्या जुन्या सचित्र पुस्तकांबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, खरं सांगायचं तर जागा उरली होती म्हणून टाकल्या होत्या, आणि त्यावर एवढी पत्रं आली की मीच चाट पडलो. नाशिकच्या वाड्यांच्या माळ्यांवर नुसती तांब्याची घंगाळं पडलेली नाहीत एवढं कळलं. सगळी पत्रं छापता येत नाहीत, काहींचे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी नुसतं "काका, किती येतील?" एवढंच लिहिलंय त्यांनी पहिलं उत्तर नीट वाचा.

प्रश्न: काका, आमचा जुन्या नाशकातला वाडा डेव्हलपमेंटला गेलाय. माळा रिकामा करताना पणजोबांच्या ट्रंकेत दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं सापडली, 'लेपिडॉप्टेरा इंडिका' असं नाव आहे, आत फुलपाखरांची रंगीत चित्रं आणि रंग अगदी काल लावल्यासारखे. पण एका पुस्तकात पहिल्याच चित्राचा नंबर दोनशेच्या वर आहे, म्हणजे आधीची सगळी चित्रं कुणी फाडून नेली का? घरातले म्हणतात रद्दीवाल्याला दाखवून मोकळा हो. – एक वाचक, पंचवटी

उत्तर: रद्दीवाला आलाच तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

तुमच्या हातात आलंय ते फ्रेडरिक मूर यांचं काम. हे गृहस्थ लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या म्युझियममधे होते, इकडून जे काय टाचण्या मारलेले डबे जहाजाने तिकडे जायचे ते यांच्या टेबलावर उघडायचे. १८९० पासून हे पुस्तक निघायला लागलं, एकदम नाही, थोडं थोडं करून भागांमधे, आपल्याकडे मासिकात कादंबरी क्रमशः यायची ना तसं, वर्गणीदाराने भाग जमवायचे आणि खंड झाला की बाइंडरकडे द्यायचा. १९०७ ला मूर वारले, पुस्तक अर्धवट राहिलं, मग कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी ते हातात घेतलं आणि १९१३ ला संपवलं. दहा खंड, ८३५ प्लेट्स, म्हणजे चित्रांची वेगळी छापलेली पानं, आणि त्या हाताने रंगवलेल्या. हे स्विन्हो म्हणजे मुंबईत १८८३ मधे ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली त्यातले एक, आणि त्याच आठांमधे आपले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन पण होते, हे मुद्दाम सांगतो कारण हा सगळा नाद फक्त साहेबांचा होता अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

आता तुमच्या नंबरचं. घाबरू नका, कुणी काही फाडलेलं नसावं. या पुस्तकात प्लेट्सचे नंबर खंडागणिक एकपासून सुरू होत नाहीत, पहिल्या खंडापासून दहाव्यापर्यंत सलग चालतात, त्यामुळे मधला खंड उघडला की पहिलाच आकडा मोठा दिसणार. पण म्हणून मोजायचं सोडू नका. तुमच्या खंडात पहिला नंबर कुठला, शेवटचा कुठला, आणि मधे एकही गळालेला नाही ना, हे एका दुपारी बसून कागदावर लिहून काढा, घरात कुणाला तरी शेजारी बसवा, एकाने नंबर वाचायचा एकाने टिक करायची. आम्ही प्रेसमधे तपासणीला असताना असंच करायचो, एकटा माणूस मोजायला बसला की तीस-चाळीसनंतर डोळा घसरतोच. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर या पुस्तकाचं स्कॅन फुकट बघायला मिळतं, ते मोबाईलवर उघडून ताडून बघा म्हणजे शंका राहत नाही.

आणि एक चोरी पकडायची युक्ती. प्लेट कापून नेणारा पान कापतो पण दोन गोष्टी त्याला नेता येत नाहीत. एक म्हणजे शिवणीजवळ उरलेली कागदाची बारीक पट्टी, पुस्तक पूर्ण उघडून उजेडात धरलं की दिसते. दुसरी जास्त मजेची, शंभर वर्षं चित्र समोरच्या पानाला चिकटून बसलं की त्या पानावर त्याची पुसट सावली उमटते. समोर सावली आहे आणि फुलपाखरू नाही म्हणजे फुलपाखरू उडालं समजा. पातळ टिश्यू कागद मधे असेल तर सावली त्या कागदावर सापडेल.

किंमत मी सांगणार नाही, कारण पुस्तक न बघता सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो नाहीतर विकत घेणारा. एवढं मात्र सांगतो की दहापैकी दोन खंड म्हणजे पूर्ण संचाच्या पाचव्या हिश्श्याएवढे पैसे, असं गणित बसत नाही, सुट्या खंडाला त्याहून बरंच कमी येतं. पण मोजून सगळं जागेवर निघालं तर ते कागदावर लिहून पुस्तकासोबत ठेवा, दुकानदार समोर बसला की हा कागद फार उपयोगी पडतो.

प्रश्न: एमजी रोडच्या एका दुकानातून फ्रेम केलेलं फुलपाखरांचं "ओरिजिनल १८०० सालचं हँडपेंटेड" चित्र घेतलं. मिस्टर म्हणतात झेरॉक्स आहे. खरं काय ते कसं ओळखायचं? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: ताई, भांडण मिटवायला फक्त एक भिंग लागेल, दहापट मोठं दाखवणारं, सराफाकडे असतं ते. आणि चित्र फ्रेममधून बाहेर काढावं लागेल, काचेतून काही कळत नाही.

भिंगातून बघितल्यावर रंगाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके फुलासारख्या गोल नक्षीत बसलेले दिसले तर मिस्टर जिंकले, ते आत्ताचं ऑफसेट प्रिंटिंग आहे, १८०० सालच्या माणसाने ते स्वप्नातही बघितलेलं नाही. हाताने रंगवलेलं असेल तर ठिपके नसतात, रंग सपाट किंवा ब्रशच्या फटकाऱ्याने जातो, कुठेतरी काळ्या रेषेच्या बाहेर चाटून गेलेला असतो, एखाद्या कोपऱ्यात पाणी साचून सुकल्यासारखा गडद कड दिसते. निळ्या नाहीतर काळ्या पंखावर चकाकी असेल तर तो डिंकाचा हात, चमक यायला वरून द्यायचे. मधला एक प्रकार फसवतो तो म्हणजे दगडावरून एकेक रंग वेगळा छापलेलं क्रोमोलिथो, त्यातही ठिपके असतात पण वेडेवाकडे, वाळू सांडल्यासारखे, नक्षीत नाहीत. ते खोटं नाही, जुनंच असतं, पण हाताने रंगवलेलं नाही. झाइट्स म्हणून जर्मन माणसाचा जगातल्या फुलपाखरांवरचा मोठा ग्रंथ १९०६ पासून निघाला त्याच्या प्लेट्स अशा आहेत, सुरेख आहेत, कुणी "हँडपेंटेड" म्हणून विकल्या तर मात्र हसायचं आणि उठायचं.

त्या आधीच्या पिढीत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, तो पत्रा ओल्या कागदात दाबला जायचा म्हणून चित्राच्या चारी बाजूंनी एक दाबाची चौकट असते, डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागते. चौकट नाही म्हणून खोटं असं नाही, कारण लिथोला ती येत नाही आणि काही वेळा कडा कापलेल्या असतात.

अजून एक सोपं, मेन रोडला कुठल्याही काउंटरवर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली कागद धरा. पांढराशुभ्र निळसर चमकला तर कागदात चमक आणणारं केमिकल आहे आणि असा कागद गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतला. जुना चिंध्यांचा कागद मख्ख राहतो.

१८०० साल सांगितलंय म्हणून एक अंदाज, ते एडवर्ड डोनोवन यांच्या भारतातल्या कीटकांवरच्या पुस्तकातलं चित्र म्हणून विकलं असेल, ते पुस्तक १८०० पासून निघालं. या डोनोवननी भारत कधी बघितलाच नाही, लंडनमधे लोकांच्या संग्रहातले नमुने बघून चित्रं काढली. चित्रं मात्र अशी की बघत राहावं. त्यामुळेच त्याच्या नकला भिंती-भिंतींवर आहेत.

प्रश्न: सगळे फुलपाखरांचंच बोलतात, पतंगांची जुनी चित्रं कुठे मिळतील? मला फोटो काढायचा नाद आहे, अंजनेरीला पावसाळ्यात रात्री पतंग यावेत म्हणून दिव्याजवळ पांढरी चादर लावून बसतो. – एक वाचक, त्र्यंबक रोड

उत्तर: मूर यांच्या 'लेपिडॉप्टेरा इंडिका'त शोधू नका, नाव मोठं घेतलं पण पुस्तक फुलपाखरांवरच संपलं, पतंगांपर्यंत गाडी पोचलीच नाही. पण याच मूर यांचं सिलोनवरचं तीन खंडांचं काम आहे, १८८० ते १८८७, २१५ प्लेट्स, त्यात पतंग आहेत आणि अळ्या पण आहेत. मला ते पुस्तक मोठ्या पुस्तकापेक्षा जास्त आवडतं कारण त्यातली मूळ चित्रं तिथल्याच द अल्विस घराण्यातल्या विल्यम आणि जॉर्ज या भावांनी काढली, अळी झाडावर जिवंत असताना बघून. टाचणी मारून सुकलेल्या पंखावरून काढलेलं चित्र आणि हे, फरक कळतो हो. आपल्याकडचे बरेचसे पतंग तिथेही आहेत त्यामुळे तुमच्या चादरीवरचे पाहुणे सापडतील.

ओळख पटवायला मात्र हॅम्पसन यांचे फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेतले चार खंड, १८९२ ते १८९६. त्यात रंगीत प्लेट्स नाहीत, मजकुरात काळी चित्रं आहेत, दिसायला एकदम रुक्ष, एका वाचकाने तर "यातली रंगीत पानं चोरीला गेलीत" म्हणून माझ्याकडे तक्रार केली होती. गेली नाहीत, नव्हतीच. नावं अर्ध्याहून जास्त बदललीत तेव्हा जुन्या नावावरून नवं नाव इंटरनेटवर काढावं लागेल.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या लिंबाच्या झाडावर ब्लू मॉर्मन येतं. ते जुन्या पुस्तकात आहे का आणि नावापुढे माणसाचं नाव का लिहितात, कधी कंसात कधी बिनकंसात? – एक वाचक, सिडको

उत्तर: बेटा, सगळ्या ढिगात तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा मोठं उत्तर देतो, कंटाळा आला तर सोडून दे.

ब्लू मॉर्मन म्हणजे आपली राणी पाकोळी, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलंच राज्य. तिचं शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर आणि पुढे क्रामर, १७७५, म्हणजे हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं आणि कुठल्या साली. हे पीटर क्रामर ॲमस्टरडॅमचे लोकरीचे व्यापारी. डच लोकांची जहाजं जगभर फिरायची, नाविक फुलपाखरं आणायचे, तिथल्या श्रीमंत लोकांच्या कपाटांत ती जमा व्हायची, तर क्रामर यांनी अशा कपाटांतली फुलपाखरं एका चित्रकाराकडून काढून घेतली आणि छापायला घेतली. पुस्तक निघायला लागलं आणि वर्षभरात क्रामर वारले, पुढचं काम कास्पर स्टोल यांनी १७८२ पर्यंत पूर्ण केलं. चार खंड, ४०० प्लेट्स, मजकूर डच आणि फ्रेंच दोन्हीत. म्हणजे तुझ्या लिंबावर जी बसते तिचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हा नाशिकला पेशवाई होती, आणि नाव ठेवणाऱ्याने ती उडताना बघितली नव्हती. बिचारा.

कंसाचं असं आहे. नाव ठेवलं तेव्हा ज्या जातकुळीत टाकलं, इंग्रजीत जीनस म्हणतात ती, म्हणजे नावातला पहिला शब्द, त्याच जातकुळीत आजही असेल तर माणसाचं नाव बिनकंसाचं, मागून दुसऱ्या जातकुळीत हलवलं तर कंसात. राणी पाकोळी पॅपिलिओच होती आणि आहे म्हणून कंस नाही. आता हळदीकुंकू फुलपाखरू घे, पंखाखाली पिवळं आणि लाल ठिपके असलेलं, इंग्रजीत कॉमन जेझबेल. त्याचं नाव डेलियस युकॅरिस, पुढे कंसात ड्रुरी, १७७३, कारण ड्रुरी यांनी त्याला पॅपिलिओ म्हटलं होतं, त्या काळी सगळ्याच फुलपाखरांना पॅपिलिओ म्हणायचे. हे ड्रू ड्रुरी लंडनचे चांदीचे कारागीर, म्हणजे आपल्या सराफ बाजारातले समज, दुकानाच्या कमाईतून जगभरचे किडे गोळा करायचे. त्यांच्या पुस्तकातली चित्रं मोझेस हॅरिस यांनी काढली, आणि हॅरिस हा माणूस स्वतःच या विषयातला मोठा, १७६६ चं इंग्लंडच्या कीटकांवरचं त्याचं 'द ऑरेलियन' आजही जुन्या पुस्तकवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं असं.

क्रामर यांचं पुस्तक स्कॅन करून ठेवलेलं आहे, आईबाबांना सांगून बघ आणि मग लिंबाकडे बघ. आणि लिंबावरची चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी झटकू नकोस, ती याच घराण्यातली असणार.

प्रश्न: या जुन्या पुस्तकांमधे सगळे पुरुषच का? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: सगळे नाहीत, आणि ज्यांच्यापासून खरं तर सुरुवात करावी त्या बाई आहेत. मारिया सिबिला मेरियन, जन्म १६४७, फ्रँकफर्ट. तेरा वर्षांच्या असताना रेशमाचे किडे पाळून बघायला लागल्या. त्या काळी किडे चिखलातून, सडक्या मांसातून आपोआप होतात असं चांगले शिकलेले लोक मानायचे, आणि या मुलीने अंडं, अळी, कोष, पतंग असं सगळं रोज बघून काढून ठेवलेलं. पुढे १६९९ मधे, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेल्या, जहाजाने, पैशासाठी स्वतःची चित्रं विकून, कुठल्या राजाने पाठवलं म्हणून नाही. तब्येत ढासळली म्हणून १७०१ ला परतल्या आणि १७०५ मधे ॲमस्टरडॅमला पुस्तक काढलं, ६० प्लेट्स. एकाच चित्रात अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी जे झाड खाते ते झाड. आज आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, पण त्या आधी फुलपाखरं म्हणजे ओळीने मांडलेली बटणं असायची.

छपाईवाल्या माणसाला त्या पुस्तकात अजून एक गोष्ट खुणावते. काही प्रती त्यांनी उलट्या छापून घेतल्या, म्हणजे पत्र्यावरून छापलेला कागद ओला असतानाच त्यावर दुसरा कोरा कागद दाबायचा, त्यावर उलटा पुसट ठसा येतो, रेघ मऊ पडते, पत्र्याची चौकट येत नाही, आणि मग वरून रंगवलं की छापील न वाटता हाताने काढलेलं वाटतं. केवढं डोकं! अशा प्रतीला चौकट नाही म्हणून कुणी नकली म्हणेल, तेव्हा वरच्या उत्तरात मी जे चौकटीचं लिहिलंय ते आंधळेपणाने वापरू नका.

नाशिकरोडकरांना आवडेल असं सांगतो, जर्मनीच्या पाचशे मार्कांच्या नोटेवर या बाईंचं चित्र होतं आणि मागच्या बाजूला झाडावर अळी आणि पतंग. नोट प्रेसच्या गावात हे कुणी सांगत कसं नाही!

प्रश्न: (तीन पत्रं एकत्र) पुस्तकाला कसर लागलीय, पानांवर चहासारखे डाग आलेत, पांढरी फुलपाखरं काळी पडलीत. एकाने विचारलंय लॅमिनेशन केलं तर चालेल का.

उत्तर: लॅमिनेशन नाही. परत एकदा, नाही. आपल्याकडे मार्कशीटपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करायची जी हौस आहे ती पुस्तकाला लावू नका, गरम प्लास्टिक एकदा बसलं की ते निघत नाही आणि हाताचा रंग त्यात शिजतो. सेलोटेप पण नाही, दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी पट्टा कायमचा राहतो. फेविकॉल नाही. पान सुटलंच तर जाणत्या माणसाकडून गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू वापरून बसवून घ्यायचं, ती खळ पुढे कधी पाण्याने सोडवता येते, मुद्दा तो आहे.

कसर म्हणजे ती चंदेरी सरसरणारी, तिला खळ आणि ओल दोन्ही आवडतं. नाशिकला उन्हाळा बरा हो, खरा त्रास जून ते सप्टेंबर, त्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर विचारू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला, लोक एकदा ठेवतात आणि विसरतात. डांबरगोळ्या पुस्तकाला चिकटून ठेवू नका. कीड जिवंत दिसत असेल तर पुस्तक कोरड्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीझरमधे दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फाडायची नाही, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर सगळा घाम पानांवर. कातडी बाइंडिंग किंवा सुटत चाललेला रंग असेल तर हा उद्योग घरी नको.

गोदेचा पूर मात्र वेगळी गोष्ट, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी गेलं की सराफ बाजार, भद्रकालीच्या लोकांना सांगावं लागत नाही. पुस्तक भिजलंच तर जबरदस्तीने पानं उलगडू नका, उन्हात तर अजिबात नको, पाण्याच्या रंगाने काढलेली चित्रं आहेत ती. पंख्याखाली, पानांमधे कोरा टिपकागद, दर काही तासांनी बदलत. दोन दिवसांत सुकेल असं वाटत नसेल तर तसंच गुंडाळून फ्रीझरला टाका, निदान बुरशी थांबते, मग निवांत जाणकार शोधा.

डाग आहेत ते असू द्या. ब्लीच करून पांढरं करून देणारे भेटतात, तो माणूस गेल्यावर कागद पापडासारखा मोडतो. काळ्या पडलेल्या पांढऱ्याचं कारण शिशाचा पांढरा रंग, हवेतल्या गंधकाने तो काळवंडतो. म्हणजे चित्रात एखादी पांढरी पाकोळी राखाडी दिसली तर ती नवी जात नाही. एका तरुण मित्राने मला अशा चित्रावरून "अजून शोध न लागलेलं फुलपाखरू" दाखवलं होतं, त्याचा चेहरा बघून खरं सांगायला जिवावर आलं.

प्रश्न: बजेट कमी आहे, पण हाताने रंगवलेलं एक तरी खरं पुस्तक हवंय. काय बघू? – एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: विल्यम जार्डीन यांची 'नॅचरलिस्ट्स लायब्ररी' बघा, एडिंबराची, १८३३ ते १८४३, चाळीस छोटे छोटे खंड, खिशात मावतील एवढे. त्यात जेम्स डंकन यांनी लिहिलेले ब्रिटिश फुलपाखरं आणि परदेशी फुलपाखरं असे खंड आहेत, प्लेट्स छोट्या पण हाताने रंगवलेल्या. मोठ्या संख्येने छापले म्हणून अजून सापडतात. रंगवणं कधी फार सुबक कधी उरकलेलं, कारण रंगवणाऱ्या हातांना प्लेटमागे पैसे मिळायचे, तेव्हा दोन-तीन प्रती बघून मग घ्या.

आणि रंगाचा हट्ट सोडलात तर इव्हान्स यांचं भारतीय फुलपाखरं ओळखायचं पुस्तक, १९२७, आणि विंटर-ब्लाइथ यांचं १९५७ चं, दोन्ही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलेली. विंटर-ब्लाइथ राजकोटला शाळेत शिकवायचे, त्यांचं इंग्रजी वाचताना मास्तर सोबत फिरतायत असं वाटतं. ही पुस्तकं कपाटात ठेवायची नसतात, पांडवलेणीच्या मागच्या डोंगरात घेऊन जायची असतात. घ्यायच्या आधी सावानात, म्हणजे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन जुन्या इंग्रजी पुस्तकांची यादी चाळा, १८४० चं वाचनालय आहे, काय सापडेल सांगता येत नाही.

प्रश्न: पुस्तकाबरोबर टाचण्या मारलेल्या फुलपाखरांची पेटी पण आहे, विकता येईल का? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: पेटीला हात लावू नका. वन्यजीव कायद्याच्या याद्यांमधे बरीच फुलपाखरं आहेत आणि मेलेल्याची पण खरेदी-विक्री गुन्हा आहे, कितीही जुनी असली तरी आधी वनखात्याला विचारा. नमुन्यांखाली गाव आणि तारखेच्या चिठ्ठ्या असतील तर त्या सुटू देऊ नका, त्यांच्याशिवाय पेटी म्हणजे नुसता शोभेचा डबा.

प्रश्न: घरातलं फुलपाखरांचं जुनं पुस्तक आहे, प्लेट्स मोजल्या, सगळ्या बरोबर निघाल्या. ते एका डीलरने बघितलं. म्हणतो, पुस्तक जसंच्या तसं कुणी घेणार नाही, प्लेट्स सुट्या करून द्या, एकेक फ्रेम करून विकू, दुप्पट येतील. शिवाय भाचा अमेरिकेत असतो तो म्हणतो मला दे मी नेतो. काय करू? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: भाच्याचं आधी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होतो, आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचं पुस्तक त्यात बसतं की नाही हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी घ्या. बॅगेत कपड्यांखाली घालून नेऊ असं म्हणत असेल तर भाच्याला समजवा.

डीलरचं म्हणणं खोटं नाही, हे कबूल करतो. सुट्या प्लेट्सचे मिळून पैसे जास्त होतात, म्हणूनच तर आज पूर्ण पुस्तकं कमी उरलीत, जगभर हेच झालं. पण बघा, प्लेट कापली की तिच्या समोरचा मजकूर जातो, हे फुलपाखरू कुठे सापडलं, कुणाच्या संग्रहातलं, अळी काय खाते. उरतं ते सोफ्याच्या वरचं रंगीत काहीतरी. आणि राहिलेलं पुस्तक, ते तर रद्दीतच जातं. पुस्तक आधीच फाटकं, निम्म्या प्लेट्स गेलेलं असेल तर मी एवढं ताणणार नाही, पण तुमचं तसं नाही, तुम्हीच लिहिलंय की मोजून सगळं बरोबर निघालं. दुसऱ्या दोघांना दाखवा. पूर्ण पुस्तक घेणारा गिऱ्हाईक उशिरा भेटतो.

मी हे शहाणपणाने सांगतोय असं वाटत असेल तर ऐका. लग्न नवीन होतं, नाशिकरोडच्या दोन खोल्यांमधे भिंती रिकाम्या होत्या, आणि माझ्याकडे रद्दीतून घेतलेलं जार्डीनच्या त्या मालिकेतलं परदेशी फुलपाखरांचं छोटं पुस्तक होतं. एक प्लेट ब्लेडने कापली, निळं फुलपाखरू होतं, फ्रेम करून पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली, बायको खूष, पाहुणे विचारायचे, मी ऐटीत सांगायचो. चार-पाच उन्हाळ्यांत निळा रंग उडून गेला, आधी राखाडी झाला मग नुसत्या रेषा राहिल्या. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. त्या जागी उघडलं की समोरच्या पानावर त्या फुलपाखराची तपकिरी सावली आहे, पंख पसरलेली.